सरांच्या बंगल्याखालचा रस्ता

माझ्या थोरल्या बहिणीची शाळा एका भिंतीमुळे सुटली. ती भिंत ज्या माणसानं बांधली, त्याचं अर्धं घर मी पाडलं. पाडायला मला अठरा वर्षं लागली. लोक म्हणतात, रस्ता मोकळा झाला, चांगलं काम केलंस. मी चांगलं काम करायला निघालेच नव्हते.

आमचा तांडा शहराच्या मावळतीला आहे. शहराचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायचे. माझ्या बापाच्या काळात सगळे शेतीला लागले होते. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, पण इथं मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते.

तांड्यापासून शहरापर्यंत एक गाडीवाट होती. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे चाकोऱ्या, आणि शेवटचा टप्पा एका मोठ्या शेताच्या कडेनं. तिथून निघालं की हायस्कूलच्या मागच्या फाटकात. घरातून निघाल्यापासून दहा-बारा मिनिटं. तांड्यातली भाजी, दूध, आजारी माणसं, लग्नाची वाजंत्री, सगळं याच वाटेनं जायचं. ताई दहावीत होती आणि मी सातवीत. आम्ही शाळेची पहिली घंटा ऐकून घरातून निघायचो आणि दुसरी व्हायच्या आत वर्गात असायचो.

ताई गणितात हुशार होती. हुशार म्हणजे कशी, तर गणिताचे सर तिची वही वर्गात फिरवायचे. "असं मांडायचं," असं पोरांना सांगायचे. घरी कागद संपला की ती कोळशानं चुलीमागच्या भिंतीवर गणितं करायची आणि याडी, म्हणजे आमची आई, शेणानं सारवताना तेवढा तुकडा सोडून सारवायची.

त्याच सरांनी ते शाळेमागचं मोठं शेत घेतलं. नोकरीत होते म्हणून बायकोच्या नावावर. तेव्हा आमच्याकडं प्लॉटिंग नवीनच सुरू झालं होतं. आधी शेतात फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या, मग नंबर टाकलेले दगड आले. आम्ही त्या दगडांवरून उड्या मारत शाळेत जायचो. दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी संपल्यावर आम्ही दोघी वेण्या घालून निघालो, तर वाट जिथं शेताला लागते तिथं आडवी भिंत उभी होती. माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच.

पहिला आठवडा आम्ही चढून पलीकडं गेलो. ताई आधी दप्तर टाकायची, मग मला वर ओढायची. एका सोमवारी बघितलं तर भिंतीच्या माथ्यावर ओल्या सिमेंटात बाटल्यांच्या काचा रोवलेल्या होत्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ताई मला घेऊन सरांच्या घरी गेली. तेव्हा ते गावात भाड्यानं राहायचे. सर खुर्चीत बसून पेपर तपासत होते.

"सर, आमची वाट बंद झाली," ताई म्हणाली.

"वाट नव्हतीच ती. शेतातून जायचा तुम्ही. शेतकरी चालू देत होता, म्हणून."

"सर, एक फाटक ठेवा ना. शाळेपुरतं."

सरांनी चष्मा काढला. रागावलेले नव्हते. समजावून सांगत होते. "प्लॉट बघायला येणारे लोक पहिलं हेच विचारतात, तांड्यावरची माणसं इकडून ये-जा करणार का म्हणून. मी काय सांगू त्यांना? तुम्ही हायवेनं या. चांगला डांबरी रस्ता आहे. चालल्यानं अंग मोकळं राहतं." मग लाल पेन पुन्हा उचलून म्हणाले, "आणि उद्या प्रमेय पाठ करून ये."

निघताना सरांच्या बायकोनं आमच्या हातावर दिवाळीचे उरलेले शंकरपाळे ठेवले. वळणावर गेल्यावर ताईनं तिचे गटारात फेकले. मी माझे खाल्ले. त्याची लाज मला अजून वाटते.

हायवेनं शाळा तासाभराच्या अंतरावर गेली. तांड्यातून दक्षिणेला उतरायचं, हायवेच्या कडेनं शहराच्या नाक्यापर्यंत जायचं आणि मग बाजारातून मागं वळून शाळा. कडेला चालायला जागा नव्हती. कापसाचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. मधे एक ढाबा आणि त्याला लागून दारूचं दुकान. तिथं मोटारसायकली लावून बसलेली माणसं आम्ही दिसलो की गाणी म्हणायची. ताई मला डाव्या हाताला, म्हणजे शेताच्या बाजूला ठेवायची.

जानेवारीत एका दुपारी आम्ही घरी येत होतो. मागून मोटारसायकल आली. मागं बसलेल्यानं ताईच्या दप्तराचा पट्टा धरला आणि गाडी तशीच पुढं नेली. ताई दहा-बारा पावलं फरफटत गेली, मग पट्टा तुटला. दोघं हसत निघून गेले. तिच्या दोन्ही गुडघ्यांची आणि एका कोपराची कातडी निघाली होती. वह्या रस्त्यावर पसरल्या होत्या. कंपासपेटी घरंगळत मधोमध गेली आणि ट्रकखाली आली. मी जागची हलले नाही, ओरडलेही नाही. ताईनं वह्या गोळा केल्या, मला म्हणाली, "घरी काही सांगू नको."

पण गुडघे कसे लपणार? याडीनं हळद लावली. बापू, म्हणजे आमचे वडील, उंबऱ्यावर बसून होते.

"उद्यापासून जायचं न्हाई," ते म्हणाले.

"बापू, दोन महिन्यांवर परीक्षा हाय."

"मी रोज तुमच्यासंगं येऊ शकत न्हाई, बाई. रानात हळद काढाया आली." ते खाली बघत बोलत होते. "कुणाच्या भरवशावर धाडू?"

ताई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी हळद काढायला गेली. परीक्षेचं हॉलतिकीट शाळेत आलं आणि तिथंच राहिलं. ही पोरगी कुठं गेली, असं सरांनी वर्गात एकदाही विचारलं नाही. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं नंतर सांगितलं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं, पुसेगावच्या बाजूच्या एका तांड्यावर. वय सोळा. मला आश्रमशाळेत ठेवलं, कारण तिथं राहायची सोय होती. माझी शाळा ताईच्या मोडलेल्या शाळेमुळे टिकली, हे मला लहानपणीच समजत होतं.

पावसाळ्यात तांड्याचा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, आणि बापू तहसिलीत गेले. तिथल्या कारकुनानं कागद वाचून विचारलं, भिंत कधी बांधली? दिवाळीत, यांनी सांगितलं. त्यानं बोटांवर महिने मोजले. अडवलेल्या वाटेचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, आता उशीर झाला, असं त्यानं सांगितलं. तो काही वाईट बोलला नाही. चहा पिऊन जा म्हणाला. बापू घरी येऊन एवढंच बोलले, "आमाला हे कोण सांगणार व्हतं?"

आश्रमशाळेत सकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटायला सांगायचे. मी डोळे मिटले की ती भिंत पाडायची. रोज वेगळ्या तऱ्हेनं. कधी पहारीनं, कधी बैल जुंपून, कधी नुसत्या हातांनी. त्या पाच-सहा वर्षांत मी देवाजवळ दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

बारावीनंतर हिंगोलीला आयटीआयमध्ये आरेखकाचा कोर्स केला, म्हणजे नकाशे काढायचा. शिक्षिका म्हणाल्या, तुझी रेघ स्वच्छ आहे. मग आमच्याच शहरात एका इंजिनियरच्या ऑफिसात लागले. ते जमिनींचे लेआउट करायचे. शेत कुणाचं, प्लॉट किती पाडायचे, रस्ता किती रुंद, बाग कुठं, हे सगळं कागदावर मांडून मंजुरीला पाठवायचं. हे काम मी आजही करते.

त्या खुर्चीत बसून मला माझं शहर पहिल्यांदा वरून दिसलं. दर वर्षी आठ-दहा शेतांची प्लॉटिंग होत होती. प्रत्येक मालक आपल्या शेतापुरता विचार करायचा. एक तोंड मुख्य रस्त्याला, आत चार गल्ल्या, चारी बाजूंनी कंपाउंड. शेजारच्या कॉलनीत पाठीला पाठ लावून घर असलं, तरी तिथं जायला आधी बाहेर हायवेवर यायचं, मग पुढच्या कमानीतून आत शिरायचं. दोन मैत्रिणींच्या गच्चीवरची धुणी एकमेकींना लागायची आणि पायी जायला अर्धा तास. लेकरांच्या शाळेच्या रिक्षा, गॅसचे टेम्पो, बाजाराला निघालेली माणसं, सगळी गर्दी एकाच रस्त्यावर यायची. लोक म्हणायचे, शहर फार वाढून राहिलं. मला दिसायचं की एकेक गल्ली भिंतीला डोकं लावून उभी आहे.

कागदावर मात्र असं नसायचं. मंजुरी देताना अट असते: आतला रस्ता हद्दीपर्यंत न्यायचा, म्हणजे उद्या शेजारच्या शेतात वस्ती झाली की रस्त्याला रस्ता जुळेल. सगळे तसं काढून देतात. मंजुरी मिळाली की शेवटचा तुकडा हळूच कुणाच्या तरी अंगणात जातो. हे मी माझ्या हातांनी काढलेल्या नकाशांचं होताना पाहिलं आहे.

कामाला लागून चौथं वर्ष असेल. एका जुन्या लेआउटची मोजमापं हवी होती म्हणून मी कपाटातलं खालचं बासन सोडलं. जांभळट पडलेला अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाची जुनी छापील प्रत, उलगडला आणि कोपऱ्यात सरांच्या बायकोचं नाव दिसलं. मी दार लोटून घेतलं आणि कागद जमिनीवर पसरला.

मधोमध नऊ मीटरचा रस्ता होता. शाळेच्या बाजूनं निघून सरळ मावळतीच्या हद्दीपर्यंत. आणि हद्दीवर दोन तुटक रेघा, त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं: विद्यमान गाडीवाट. बाण आमच्या तांड्याकडं.

म्हणजे सरांनी बायकोच्या सहीनं मान्य केलं होतं की वाट आहे. आपला रस्ता तिला जोडून देतो, असं लिहून मंजुरी घेतली होती. आणि आम्हा दोघींना समोर उभं करून सांगितलं होतं, वाट नव्हतीच ती.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी स्कूटीवरून तिथं गेले. रस्त्याच्या टोकाला, बरोबर त्या नऊ मीटरमध्ये, सरांचा बंगला उभा होता. भिंत आधी आली होती, बंगला नंतर. पुढं ग्रॅनाइटची पाटी, पोर्च, झोपाळा, मोठा हॉल. मी फाटकापुढून एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत पावलं टाकली. पाटी, पोर्च, झोपाळा आणि हॉल रस्त्यात होते. बाजूचं स्वयंपाकघर आणि दोन खोल्या शेजारच्या प्लॉटवर, त्यांच्या स्वतःच्या. मला इतका आनंद झाला की भूक मेली. डबा तसाच परत आणला.

मंजूर नकाशाची सही-शिक्क्याची नक्कल मी माझ्या नावानं अर्ज करून काढली. रस्त्यात बंगला बांधल्याची तक्रार नगरपालिकेत दिली, आवक नोंदवून घेतली. मग काहीच झालं नाही. दर महिन्याला मी विचारायला जायची. साहेब मोजणीला गेलेत, साहेब नवीन आलेत, फाइल वर गेली आहे. आमच्या ऑफिसातल्या इंजिनियर साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "कशाला पडते यात? सरांचं सगळ्यांशी बराबर आहे. उगाच तकलीफ होईल तुला." तीन वर्षं अशी गेली. मी दर महिन्याला जात राहिले.

मग एक मोठी पार्टी आमच्या ऑफिसात आली. सरांच्या भिंतीपासून आमच्या तांड्यापर्यंतची सगळी शेतं त्यांनी घेतली होती. मोठा लेआउट करायचा होता. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, हायवेवरून एकच कमान दे, आत गल्ल्या पाड, नेहमीसारखं.

मी म्हणाले, "साहेब, मागून शाळेकडं रस्ता काढता येतो. गाडीवाट गावाच्या नकाशात आहे. पलीकडच्या लेआउटमध्ये नऊ मीटर मंजूर आहे. आपण रस्त्याला रस्ता जुळवला, तर हायस्कूल पाच मिनिटांवर येतं."

पार्टीचा माणूस खुर्चीत पुढं सरकला. "पाच मिनिटं? मंग जाहिरातीत टाकता येईल की!"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं. पण गिऱ्हाईक समोर होतं.

त्या नकाशातला मुख्य रस्ता मी काढला. तो हायवेवरून आत यायचा, आमच्या तांड्याच्या तोंडाशी वळायचा आणि तिथून सरळ जाऊन सरांच्या हॉलच्या मधोमध शिरायचा. थोडा वाकवून दुसरीकडून नेता आला असता. चार जागा होत्या. मी एकही वापरली नाही. तांड्याच्या तोंडाशी काय होईल, याचा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला ठेवला. हे मी लपवत नाही.

माझ्या तक्रारीनं तीन वर्षांत जे झालं नाही, ते त्या पार्टीच्या दोन फोननं सुरू झालं. मोजणी झाली. नोटीस निघाली. सर कोर्टात गेले, स्टे आणला. वर्षानं स्टे उठला. शेवटची नोटीस लागली आणि त्यानंतर चार दिवसांनी सर आमच्या दारात आले.

मी त्यांना अठरा वर्षांनी जवळून बघत होते. केस पांढरे, हातात काठी. बापूंनी त्यांना बाजेवर बसवलं. बापूंच्या लेखी ते अजून शाळेतले सर होते.

"मॅडम," सर मला म्हणाले, "तुमच्या अर्जावरून हे सगळं सुरू झालं. तुम्ही त्या पार्टीला सांगा, रस्ता जरा बाजूनं घ्या म्हणून. नकाशा तुम्हीच काढता ना?"

"काढते."

"मग दहा-वीस फूट इकडं तिकडं केलं तर काय बिघडतं?"

काही बिघडलं नसतं. सुधारित नकाशा चार दिवसांचं काम होतं.

"सर, माझी बहीण तुमच्या वर्गात होती. गणितात पहिली यायची."

"कोणती बॅच?"

मी साल सांगितलं, ताईचं नाव सांगितलं. सर विचार करू लागले. खोटं नव्हतं ते, खरंच आठवत होते. कपाळाला आठ्या पडल्या. "तांड्यावरच्या दोन-चार मुली होत्या खऱ्या. पण नाही आठवत हो. इतके विद्यार्थी गेले हाताखालून."

"तुम्ही तिची वही वर्गात फिरवायचा."

"असेल," ते म्हणाले. "चांगल्या वह्या मी फिरवायचोच."

या भेटीची तयारी मी कितीतरी वर्षं केली होती. सर नाही म्हणतील, सर खाली बघतील, सर माफी मागतील, प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर होतं. त्यांना ती आठवणारच नाही, हे मी धरलं नव्हतं. भिंतीवर काचा रोवणाऱ्यानं निदान कुणासाठी रोवल्या एवढं तरी लक्षात ठेवायला हवं होतं. तोवर माझ्या मनात कुठं थोडी माया असलीच, तर ती त्या "असेल"नं गेली.

"रेघ बदलणार नाही, सर," मी म्हणाले.

"माझं वय बघा, मॅडम."

बापू म्हणाले, "सरांना चहा टाक." मी आत जाऊन चहा केला, साखर बरोबर घातली, बशीसकट हातात दिला. सरांनी तो सगळा पिला आणि काठी टेकत गाडीकडं गेले. गाडी हायवेच्या बाजूनं गेली. दुसरा रस्ताच नव्हता.

पाडायच्या दिवशी मी ताईला बोलावून घेतलं. सकाळच्या एसटीनं आली. तेहतीस वर्षांची, तीन लेकरांची आई, हातांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

जेसीबी यायच्या आधी सरांच्या घरातलं सामान बाहेर निघालं. सोफा, टीव्ही, झोपाळ्याच्या कड्या. सर शेजाऱ्याच्या ओट्यावर पाठ करून बसले होते. त्यांची बायको रस्त्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर देव्हारा मांडीवर घेऊन बसली होती, देवांसकट. तिनं आमच्याकडं बघितलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

आधी मागची ती भिंत पडली. माझ्या प्रार्थनेतली. एका धक्क्यात गेली. विटा कच्च्याच होत्या. मी ताईकडं बघितलं. ती लुगड्याच्या ओच्यातून शेंगा काढून फोडत होती. मग पोर्च गेला, पाटी गेली, हॉलचा स्लॅब वाकला आणि धुरळ्यात बसला. लोकांनी मोबाइल वर धरले होते. जेसीबीनं फक्कीच्या रेघेपर्यंत काम केलं आणि थांबला. रेघेपलीकडं स्वयंपाकघर उघडं पडलं. फळीवरचे स्टीलचे डबे ओळीनं दिसत होते.

"थांबला काहून?" ताईनं विचारलं.

"संपलं, ताई. रस्त्यातलं तेवढंच होतं."

"पुढचं बी पाड म्हन."

"पुढचं त्यांच्या हद्दीत हाय."

ताईनं शेंगांची टरफलं झटकली. "आन माझी शाळा कुणाच्या हद्दीत व्हती?"

ती मलब्यातून चालत पलीकडं गेली, तांड्याच्या बाजूला, आणि तिथून वळून माझ्याकडं बघत उभी राहिली. मधे नऊ मीटर मोकळे होते. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "चल, मला दुपारची गाडी हाय."

रस्ता डांबरी झाला. तांड्यातल्या पोरी पुन्हा घंटा ऐकून निघू लागल्या. आता सायकलवर, काही स्कूटीवर. हे खरं आहे आणि मला त्याचं बरं वाटतं. पण हायवेवरून बाजारात शिरायला हा सगळ्यात जवळचा रस्ता निघाला. सहा महिन्यांत टेम्पो, वाळूच्या गाड्या, लग्नाच्या ट्रॅव्हल्स, सगळं तांड्याच्या तोंडावरून जाऊ लागलं. आधी दोन शेळ्या गेल्या. मग शेजारच्या म्हातारीला मोटारसायकलनं उडवलं, तिचं मांडीचं हाड मोडलं. होळीला बाया जिथं फेर धरून लेंगीची गाणी म्हणायच्या, ते मैदान रस्त्यानं बरोबर मधोमध कापलं. आता निम्म्या बाया या बाजूला आणि निम्म्या त्या बाजूला उभ्या राहतात. तांड्यातली माणसं माझ्याकडं आली. "रस्ता तूच आणला ना? मंग गतिरोधक बी तूच आण."

गतिरोधकासाठी अर्ज केला. दोन बसवून घेतले. गाड्या त्यांच्यावरून उडत जातात.

बापूंची झोप गेली. एकदा चिडून म्हणाले, "भिंत व्हती तवा निदान डोळा तरी लागत व्हता." मला लागेल असंच बोलले होते. याडी मधे पडली नाही. ताईचं लग्न लावल्यापासून बापूंना जे बोलायचं होतं, ते त्यांनी त्या एका वाक्यात माझ्यावर काढलं, असं मला वाटतं. मी जेवण वाढून बाहेर निघून गेले.

ऑफिसला जायला मला हायवे सोपा पडतो. तरी मी रोज त्या रस्त्यानं जायची. सरांनी उरलेल्या घराला पत्रे ठोकून एक बाजू बंद केली होती. सर पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे. सकाळी त्यांची बायको सडा टाकायला बादली घेऊन यायची, पण अंगण उरलंच नव्हतं. उंबऱ्याला लागून डांबर होतं. ती डांबरावरच सडा टाकायची. माझी स्कूटी दिसली की बादली धरून थांबायची आणि मी पुढं गेले की पाणी शिंपडायची. ती माझ्याशी कधी वाईट वागली नव्हती. तिनं शंकरपाळे दिले होते. मी वेग कमी केला नाही.

काही जणी मला विचारतात, पस्तावा होत नाही का? तांड्याबद्दल होतो. त्या म्हातारीला मी महिनाभर डबा नेऊन दिला. सरांबद्दल होत नाही. त्यांच्या बायकोबद्दल काय वाटतं, ते मी नीट तपासून बघत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस खुर्ची दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौकशी केली तर कळलं, सरांनी उरलेलं घर विकलं आणि दोघं नांदेडला पोराकडं गेली. आठवड्याभरात तिथं पंक्चरचं दुकान आलं. मला आनंद व्हायला हवा होता. उलट माझ्या हातातलं काहीतरी कुणी न विचारता काढून नेलं, असं दिवसभर वाटत राहिलं.

संध्याकाळी ताईला फोन केला. मागं तिची लेकरं भांडत होती.

"सर गेले," मी म्हणाले.

"मेले?"

"न्हाई. घर विकून गेले. नांदेडला, पोराकडं."

तिनं लेकरांना बाहेर पिटाळल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "पत्ता हाय का तुझ्यापाशी?"

कोर्टाच्या कागदांवर पोराचा पत्ता होता. गल्लीसकट मला पाठ होता.

"न्हाई," मी म्हणाले.

"व्हय का," ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.